मलेशियातले ‘भूमिपुत्र’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मलेशियाच्या लोकसंख्येवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘70 टक्के मलय मुसलमान, 23 टक्के चिनी, 7 टक्के तमिळ. एवढ्या सरळ गोष्टीला उगाच फाटे फोडलेत. 1957 ला भारतीय 11 टक्के होते, म्हणजे त्यांना हाकलून दिलं हे उघड आहे, ते लिहायची हिंमत नाही. आणि भूमिपुत्रांना त्यांच्याच देशात झुकतं माप मिळालं तर बिघडलं कुठे? बाकी ते ‘इतर’ कोण, हेही सांगितलेलं नाही.’ आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाची दोन ओळींत बोळवण करणं मला पटेना, म्हणून हे सविस्तर.

आधी माझी चूक. तक्त्यात 69.4 टक्क्यांपुढे मी ‘मलय’ लिहिलं होतं. 2020 च्या जनगणनेत तो आकडा नागरिकांमधल्या ‘बुमिपुत्रा’ (‘भूमिपुत्र’चंच मलय रूप) वर्गाचा आहे. तक्ता दुरुस्त केला आहे. तुमचा गैरसमज माझ्यामुळे झाला असेल तर माफ करा. पण ही दुरुस्ती केली की तुमचं सरळ चित्र टिकत नाही. या वर्गात मलयांबरोबर बोर्निओ बेटावरच्या दोन राज्यांतले, म्हणजे सारावाकचे इबान आणि बिदायुह आणि साबाचे कादाझान-दुसुन, शिवाय मलय द्वीपकल्पावरचे ओरांग अस्ली हे आदिवासी असे सगळे येतात. सारावाकमध्ये निम्म्याहून किंचित जास्त लोक ख्रिस्ती आहेत. देशात मुसलमान 63.5 टक्के, आणि त्या हिशेबात परदेशी कामगारही धरलेले आहेत.

‘भूमिपुत्र’ हा शब्द आपल्या कानाला ओळखीचा, म्हणून महाराष्ट्रातला त्याचा अर्थ आपण तिकडे चिकटवतो. तिथे मलय कोण, हे राज्यघटनेचं 160 वं कलम ठरवतं : धर्म इस्लाम, रोजच्या बोलण्यात मलय भाषा, चालीरीती मलय, आणि स्वातंत्र्याआधीपासून मलाया (तेव्हाचा द्वीपकल्पापुरता देश) किंवा सिंगापूरशी स्वतःचा नाहीतर आईवडिलांचा संबंध. रक्त कुठलं, हे कोणी विचारत नाही. पेनांगला मी ज्या खानावळीत रोज नाश्त्याला जायचो, तिचे मालक तमिळ मुसलमान. अशा लोकांना तिथे ‘मामक’ म्हणतात. मूळ शब्द तमिळ ‘मामा’, अर्थ आपल्या मामाचाच. आचाऱ्याशी ते तमिळ बोलायचे आणि गल्ल्यावर बसणाऱ्या स्वतःच्या मुलाशी मलय. मालकांचे आजोबा तमिळनाडूतल्या नागपट्टणमहून आलेले. या मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘मलय’ आहे, त्याच्या चुलतभावाच्या दाखल्यावर ‘भारतीय’. एकाच आजोबांची पतवंडं जनगणनेच्या दोन रकान्यांत! फाटे मी फोडलेले नाहीत, सर. ते तिथल्या घराघरांत आहेत.

झुकत्या मापाबद्दल. मलय शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची गरिबी खरी होती, हे मी मूळ लेखातही लिहिलंय. मे 1969 च्या मलय-चिनी दंगलीनंतर 1971 मध्ये जे नवं आर्थिक धोरण आलं, त्याचं एक उद्दिष्ट कोणत्याही वंशाच्या माणसाची गरिबी हटवणं हेच होतं. मला खटकतं ते वेगळंच. घटनेचं 153 वं कलम मलयांना आणि साबा-सारावाकच्या मूळ रहिवाशांना ‘खास स्थान’ देतं. त्या द्वीपकल्पावर सगळ्यांच्या आधीपासून राहणाऱ्या ओरांग अस्लींचं नाव त्या कलमात नाही. ते एक टक्काही नाहीत आणि त्यांच्या जंगलजमिनीचे वाद कोर्टांत चालतात. ‘भूमीचे पुत्र’ म्हणताना सगळ्यात आधी ज्यांची आठवण व्हायला हवी, तेच राहून गेले.

आता भारतीय 11 टक्क्यांचे 6.7 कसे झाले. 1957 चा आकडा फक्त मलायाचा आहे. 1963 मध्ये साबा आणि सारावाक जोडले गेले, तिथे भारतीय नावापुरते. पुढे भारतीयांची कुटुंबं मलयांपेक्षा लहान होत गेली. तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे : 1969 नंतर नागरिकत्व नसलेल्यांना कामाचा परवाना सक्तीचा झाला आणि रबराच्या मळ्यांवरच्या हजारो मजुरांना भारतात परतावं लागलं. हे माझ्या लेखात यायला हवं होतं. तरी डोकी मोजली तर तेव्हाचे सुमारे 7 लाख भारतीय आज 20 लाखांच्या आसपास आहेत. आणि ते सगळे तमिळ नाहीत. मल्याळी, तेलुगू, पंजाबी आहेत, आणि मलाक्का या जुन्या बंदराचे चिट्टी आहेत, जे शंकराची पूजा करतात आणि घरात मलय बोलतात.

राहिला 0.7 टक्क्यांचा ‘इतर’. तुम्ही कोकणातले, म्हणून यातले एकच सांगतो. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पुढच्याच वर्षी पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने मलाक्का घेतलं. त्या पोर्तुगिजांचे मिश्र वंशज, क्रिस्तांग, आजही मलाक्काच्या किनाऱ्यावर राहतात आणि पोर्तुगीज-मलय मिश्रणाची स्वतःची बोली बोलतात. कमरेएवढ्या पाण्यात उतरून, दोन लांब बांबूंना बांधलेलं जाळं ढकलत ते ‘गेरागो’ धरतात. गेरागो म्हणजे आपला जवळा. सरकारी हिशेबात ही माणसं ‘इतर’. पण बुमिपुत्रांसाठी काढलेल्या सरकारी गुंतवणूक योजनेत पैसे ठेवायची त्यांना परवानगी आहे. तुमच्या तीन आकड्यांपैकी कुठल्या आकड्यात यांना बसवायचं, ते तुम्हीच सांगा.