केसपेपरवर नुसतं ‘बहादूर’

जानेवारीत आम्ही चार घरं मिळून थायलंडमधल्या फुकेतला गेलो होतो. पातोंगच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री बांगला रोडला तर आमच्या शिमग्याच्या पालखीलाही होत नाही एवढी गर्दी. समुद्रालगतच्या रस्त्यावर मधूनमधून निळ्या पाट्या दिसतात. त्यावर एक मोठी लाट आणि चढाकडे पळणारा माणूस. एरवी 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत हाच रस्ता पाण्याखाली होता हे सांगूनही खरं वाटू नये. त्याबद्दल मला कोणाला बोल लावायचा नाही. ज्यांचं पोट पर्यटकांवर आहे त्यांनी चिखल उपसला आणि दुकानं पुन्हा मांडली. त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

मला मात्र जायचं होतं ताकुआ पाला, तिथून दोन-अडीच तास उत्तरेला. फुकेत प्रांतात तीनशेच्या आत माणसं गेली. शेजारच्या फांग न्गा प्रांतात, खाओ लाकच्या रिसॉर्टांच्या पट्ट्यात आणि आसपासच्या कोळीवाड्यांत, चार हजारांच्या वर. बाकीची मंडळी बेटांवर गेली. मी आणि नवरा गाडी करून निघालो.

मी दातांची डॉक्टर. सुनामी आली तेव्हा इंटर्नशिप चालू होती. पुढे वाचत गेले तसं कळलं की तिथल्या मृतांना नाव परत देण्याच्या कामात दातांचा वाटा फार मोठा होता. त्या उष्णतेत दोन दिवसांत चेहरे ओळखण्यापलीकडे जातात. ताकुआ पाच्या वाट यान याओ या बौद्ध मंदिराच्या आवारात मृतदेह ओळीने ठेवले होते, ड्राय आईसमध्ये. न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. पोर्नथिप रोजनासुनन आणि त्यांचे सहकारी तिथे रात्रंदिवस राबत होते. नंतर तीसहून अधिक देशांची पथकं आली. मृतदेहात सरमिसळ होऊ नये म्हणून मायक्रोचिपसुद्धा बसवल्या गेल्या.

थायलंडमध्ये सुमारे 5,400 माणसं मेली, त्यातली जवळपास निम्मी परदेशी. एकट्या स्वीडनने या सुनामीत 543 माणसं गमावली. पण त्या माणसांचे दातांचे एक्स-रे त्यांच्या गावच्या दवाखान्यात होते. कुठली दाढ काढली, कुठे फिलिंग, कुठे कॅप, सगळं लिहिलेलं. घरच्यांनी ते पाठवलं, इकडे ताडून पाहिलं, शवपेटी घरी गेली. सुरुवातीला ओळख पटलेल्यांपैकी बहुतेकांची ती दातांवरूनच पटली. थाई माणसांच्या बोटांचे ठसे सरकारी ओळखपत्राच्या नोंदीत होते, त्याचा उपयोग झाला.

आणि बर्मी कामगार? खाओ लाकची हॉटेलं बांधणारे, बोटींवर जाळी ओढणारे. जन्मात दातांच्या डॉक्टरकडे न गेलेले. अनेकांकडे कागदच नव्हते. डीएनएसाठी रक्ताच्या नातेवाइकाला पुढे यावं लागतं, आणि नातेवाईक पोलिसांच्या भीतीने डोंगरात लपले होते. आपल्या माणसाचा मृतदेह मागायला जावं तर आपल्यालाच पकडून सीमेपार धाडतील, ही भीती पोकळ नव्हती, तसं घडलं होतं.

बांग मारुआनच्या दफनभूमीत आम्ही दुपारी पोचलो. ज्यांना कोणीच न्यायला आलं नाही असे तीनशेहून जास्त जण तिथे आहेत. सगळेच बर्मी असतील असं मी म्हणत नाही. पण ज्यांची ओळख पटवायला मागे काहीच नव्हतं, असे सगळे. सिमेंटच्या ओळी आणि नंबर. नवरा म्हणाला, ‘फुलं तरी आणायला हवी होती.’ आम्ही आणली नव्हती.

ही पोस्ट लिहायचं कारण तिथलं नाही, इथलं आहे. रत्नागिरीत परत आल्यावर मी जुने केसपेपर काढले. ऑगस्टमध्ये मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी येतात. दाढ अगदीच सहन होईना झाली की बंदरावरून थेट माझ्याकडे. ‘नाव?’ ‘बहादूर.’ मी लिहिलं, बहादूर, मिरकरवाडा. असे सात केसपेपर निघाले. सात जणांचं एकच नाव, एकच पत्ता. पुढचं विचारावंसं मला वीस वर्षांत वाटलं नाही, याची मला खरोखर लाज वाटते.

आपल्या किनाऱ्याला हे होणार नाही असं कोणी म्हणू नका. 1945 च्या नोव्हेंबरात आताच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात कामगार राहत होते तो पी-305 बार्ज बुडाला, तेव्हा काही मृतदेहांची ओळख डीएनएवरून पटवावी लागली. तिथे निदान बार्जवर कोण कोण होतं याची यादी होती. गणपतीपुळे, तारकर्ली, तिकडे गोव्यात कळंगुट, इथल्या हॉटेलांत भांडी घासणाऱ्या, खाटा उचलणाऱ्या झारखंड-ओडिशाच्या पोरांची यादी कोणाकडे आहे? गिऱ्हाईकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेता ना? मग आचाऱ्याच्या हाताखालच्या पोराचंही पूर्ण नाव, गाव आणि घरचा एक फोन नंबर लिहून ठेवा. बोटमालकांनो, तुम्हीही. आणि ती वही समुद्रालगतच्या गल्ल्यात ठेवू नका, एक प्रत गावात वर कुठेतरी असू द्या. दातांच्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, पैसे देणारा पेशंट नसला तरी एक्स-रे जपून ठेवा.

गेल्या शनिवारी एक खलाशी आला, विशीचा असेल. खालची अक्कलदाढ. नाव विचारलं तर तेच, बहादूर. मी म्हटलं, ‘पूरा नाम बताओ. बाप का नाम, गाँव, सब.’ जरा घाबरला, पोलिसाला द्यायचंय का म्हणाला. समजावल्यावर सांगू लागला, मी लिहीत गेले. त्यांची लिपी आपलीच. लिहून झाल्यावर त्याने केसपेपर आपल्याकडे फिरवला, नीट वाचला आणि माझ्या हातातलं पेन घेऊन वडिलांच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली.