सीएसआर अहवालामुळे नफा वाढतो, हा दावा टिकत नाही

कोल्हापुरातील उद्योजक आणि गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: कंपनीचा सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा, अहवाल जितका भरघोस तितका तिचा नफा वाढतो, सामाजिक कामांवरचा हा खर्च करात वसूल होतो आणि जगभरच्या संशोधनाने हे सिद्ध झाले आहे.

पहिले विधान कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करते. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीचा आदल्या वर्षीचा निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) 500 कोटी रुपये वा त्याहून अधिक असते, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. समजा, शिरोलीतील एखाद्या फौंड्रीला तीन वर्षांत 4, 6 आणि 8 कोटी नफा झाला. सरासरी 6 कोटी, म्हणून दायित्व 12 लाख. इथे नफा आधी आला आणि अहवालातील आकडा त्यामागून. आपल्या जिल्ह्यातील सहकारी साखर कारखाने तर कंपनी कायद्याखाली येतच नाहीत, त्यामुळे असा अहवाल नसणे हा त्यांच्या कारभाराचा दोष ठरत नाही.

करवसुलीचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. 2014 च्या दुरुस्तीपासून सीएसआर खर्चाला धंद्याचा खर्च म्हणून वजावट मिळत नाही. काही देणग्यांना 80जी ची, म्हणजे देणगीवरील आयकराची, सवलत असते, पण 22 टक्क्यांचा कमी दर स्वीकारलेल्या कंपनीला तीही नाही.

संशोधनाचे म्हणाल, तर ऐच्छिक अहवाल आणि नफा हे हातात हात घालून चालतात असे अनेक अभ्यासांत दिसते, हे मान्यच आहे. पण ज्यांच्याकडे पैसा शिल्लक असतो त्याच कंपन्या असे खर्च आणि अहवाल करतात, हेही त्याचे कारण असू शकते. म्हणून जिथे असा खर्च किंवा अहवाल सक्तीचा झाला, तिथले दाखले अधिक बोलके आहेत. भारतातील कलम 135 च्या कक्षेत येणाऱ्या कंपन्यांच्या शेअरची किंमत सरासरी 4.1 टक्क्यांनी घसरल्याचे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. चीनने 2008 मध्ये निवडक नोंदणीकृत कंपन्यांना सीएसआर अहवाल सक्तीचा केला. त्यानंतर त्यांचा नफा घटला, पण या सक्तीचा प्रभाव जिथे अधिक होता त्या शहरांत औद्योगिक सांडपाणी आणि सल्फर डायऑक्साइडचे प्रमाणही घटले. पंचगंगेकाठी राहणाऱ्यांनी यातला दुसरा भाग विशेष लक्षात घ्यावा.

कारण स्वतःचे सांडपाणी शुद्ध करणे ही कारखान्याची वेगळी कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती सीएसआरमध्ये दाखवताच येत नाही. शाळेला बाके दिल्याची छायाचित्रे छापणाऱ्या अहवालात नदीबद्दल एक ओळही नसू शकते. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना सेबी या शेअर बाजार नियामकाने 2022-23 पासून बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यातील पाणी आणि कचऱ्याचे आकडे वाचावेत. जो कारखाना त्या यादीत नाही, त्याच्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र मागावे.