ॐ ची फ्रिक्वेन्सी किती? आमच्या ग्रुपवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

आत्याने फॅमिली ग्रुपवर ते फॉरवर्ड टाकलं, तुमच्याकडेही एव्हाना येऊन गेलंच असेल. "विज्ञानाने अखेर मान्य केलं!" अशी सुरुवात, आणि मग धडाधड: सूर्यातून ॐ चा आवाज येतो हे नासाने रेकॉर्ड केलं, ॐ ची फ्रिक्वेन्सी ७.८३ हर्ट्झ म्हणजे पृथ्वीचा हार्टबीट, ४३२ हर्ट्झ हे आपलं वैदिक ट्यूनिंग होतं ते नाझींनी बदलून ४४० केलं, ५२८ हर्ट्झने डीएनए रिपेअर होतो, देवळातल्या घंटेचा नाद सात सेकंद टिकतो कारण चक्रं सात. शेवटी हात जोडलेली चार इमोजी आणि "गोळ्या नकोत, नाद हवा".

एरवी मी अशा मेसेजला अंगठा दाखवून पुढे जातो. पण ती शेवटची ओळ आत्याने मनावर घेतली, एका साउंड हीलिंग वर्कशॉपला जाऊन आली, तिथून साडेसहा हजारांचा, वाजवला की घुमणारा धातूचा बाउल घेऊन आली आणि बीपीची गोळी बंद केली, कोणाला न सांगता. तीन आठवड्यांनी चक्कर आली म्हणून डॉक्टरकडे नेलं तर १७० वर १००. म्हणून आता सविस्तर लिहितोय, आणि आधीच सांगतो की मी नादाचा वैरी नाहीये, वीस वर्षं तबला बडवतोय आणि सकाळी ओंकारही लावतो.

सूर्यापासूनच सुरू करू. २०२० च्या जानेवारीत किरण बेदींनी हा व्हिडिओ ट्वीट केला होता तेव्हा त्याच्यावर भरपूर हसूनही झालं, तरी तो मेला नाही. गंमत अशी की या गोष्टीच्या मुळाशी खरंच काहीतरी आहे. सूर्याचा पृष्ठभाग सतत हलतो, साधारण पाच मिनिटांत एक झोका या हिशोबाने, म्हणजे सेकंदाला ०.००३ कंपनं, ०.००३ हर्ट्झ. सूर्याच्या पोटात फिरणाऱ्या लाटांमुळे हे होतं आणि त्या लाटांवरून आत काय चाललंय ते ओळखायचं असं एक अख्खं शास्त्र आहे, उदयपूरला फतेहसागर तलावातल्या बेटावरची वेधशाळा हेच निरीक्षण करते. पण मधे पोकळी असल्यामुळे तो आवाज इथपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, कोणी मायक्रोफोन धरून बसलेलं नव्हतं. सूर्य न्याहाळणाऱ्या सोहो यानाने त्या हालचाली मोजल्या, शास्त्रज्ञांनी तो चाळीस दिवसांचा डेटा घेतला, गाळला, आणि ४२,००० पट फास्ट करून स्पीकरवर वाजवला. आता करा गुणाकार: ०.००३ गुणिले ४२,००० म्हणजे सव्वाशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पुरुषाच्या खालच्या पट्टीतल्या आवाजाइतका. त्या पट्टीतली कुठलीही सलग घूं घूं ऐकली की आपल्याला ॐ आठवतो, माझ्या जुन्या फ्रीजमधूनही यायचा. हाच डेटा दहापट आणखी पळवला असता तर सूर्य शिट्टी मारतो असं फॉरवर्ड आलं असतं.

७.८३ चं प्रकरण त्याहून सोपं आहे. हा आकडा खरा आहे, त्याला शूमान रेझोनन्स म्हणतात, असं काही असणार हे विन्फ्रिड शूमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये गणिताने वर्तवलं होतं. जगात कुठे ना कुठे सतत विजा पडत असतात, त्यातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीत घुमतात, त्या घुमण्याची सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी ही. म्हणजे तो आवाजच नाही! रेडिओलहरींचा भाऊबंद आहे. आणि समजा आवाज असता तरी माणसाला २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, तुमचा ॐ ७.८३ चा असेल तर तो तुम्हालाच ऐकू येणार नाही. बाबा ॐ म्हणतात तो १२० च्या आसपास, आई म्हणते तो २०० च्या वर, दोघांचा ॐ ॐ च असतो.

कोणी तरी लगेच म्हणेल, नाही नाही, ॐ म्हणजे १३६.१ हर्ट्झ, आमच्या गुरूंनी सांगितलंय. तो आकडा हान्स कूस्टो नावाच्या स्विस माणसाने १९७८ मध्ये काढला. पृथ्वीच्या सूर्याभोवती एका फेरीला लागणारे सेकंद घेतले, साधारण ३ कोटी १५ लाख ५७ हजार, त्याची फ्रिक्वेन्सी काढली आणि ती ३२ वेळा दुप्पट केली. कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर १३६.१ येतं. आता ३२ च वेळा का, ३१ का नाही, तर तेवढ्याने ती कानाला बऱ्या वाटणाऱ्या पट्टीत येते म्हणून. यात ऋषी कुठे आले?

४३२ वर मात्र मला जरा थांबायचंय, कारण इथे आपण आपल्याच संगीताचा अपमान करतो आणि कळतही नाही. नाझींचं आधी उरकतो. ४४० ची शिफारस योहान शायब्लर याने १८३४ मध्ये श्टुटगार्टला केली होती, नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याचा जन्म १८९७ चा. १९३९ ची आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती लंडनला, बर्लिनला नाही, आणि आयएसओचं स्टँडर्ड १९५५ चं. त्याआधी १८५९ मध्ये फ्रान्सने ४३५ ठरवलं होतं, इटलीत संगीतकार व्हेर्दी ४३२ साठी भांडत होता, कारण गायकांचे गळे फाटायला लागले होते. हे सगळं भांडण युरोपातल्या ऑर्केस्ट्रांचं. पन्नास वाद्यं एकत्र वाजवायची तर कुठला तरी एक आकडा धरावाच लागतो.

आपल्याकडे हे भांडण झालंच नाही, कारण आपला सा ज्याचा त्याचा! बुवा काळी एकमध्ये (पेटीवरची पहिली काळी पट्टी) गातात, बाई काळी चारमध्ये, सर्दी झाली की अर्धा सूर खाली, तानपुरा गायकाच्या गळ्याला मिळवायचा आणि तबला तानपुऱ्याला. सा ठरला की बाकी सगळे सूर त्याच्या नात्याने. तो ४३२ किंवा ४४० म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. आता काळी एकमध्ये यमन गायला बसा, पांढरी सहा म्हणजे तुमचा कोमल धैवत होतो आणि यमनमध्ये कोमल धैवत लागतच नाही. म्हणजे ज्या एका सुरावर अख्खी वैदिक परंपरा उभी आहे म्हणतात तो सूर आपला बुवा दोन तास गाऊन एकदाही लावणार नाही, आणि तरी समोरच्यांच्या डोळ्यांत पाणी आणेल. शिवाय हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं, आणि दिवसाचे ८६,४०० भाग करून सेकंद ही माणसांनी सोयीसाठी केलेली वाटणी, आपल्या जुन्या ग्रंथांत घटी आणि पळं आहेत, एक पळ म्हणजे २४ सेकंद. वैदिक ४३२ असता तर तो पळात तरी सांगितला असता ना.

"मग आपल्या ग्रंथांत नादाबद्दल काहीच नाही का?" असं काका भडकून विचारतात. आहे की, भरपूर आहे, आणि ते कोणी वाचत नाही हेच दुःख आहे. संगीतरत्नाकर घ्या, तेराव्या शतकात शारंगदेवाने लिहिला, आपल्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारात. माणूस मूळ काश्मिरी घराण्यातला, घरात वैद्यकी, म्हणून पहिल्याच अध्यायात गर्भ कसा वाढतो, शरीरात चक्रं कुठे, हे सगळं येतं आणि त्यातून नाद. मन अग्नीला ढोसतं, अग्नी वायूला, वायू वर चढत नाभी, हृदय, कंठ, मस्तक, मुख असा प्रकट होतो. हृदयातला मंद्र, कंठातला मध्य, मस्तकातला तार, आणि प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. एक सप्तक वर गेलं की फ्रिक्वेन्सी दुप्पट होते हे आपण आज म्हणतो, तेच प्रमाण. बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक बारीक सूर, पटवायला तो दोन वीणा शेजारी ठेवून एकेक श्रुती उतरवत जायला सांगतो, म्हणजे कानाने करून बघायचा प्रयोग! याला मी आपलं ध्वनिशास्त्र म्हणेन. यात मूतखडा बरा करणारा हर्ट्झ नाही.

योगाकडे वळलात तर हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या भागात नादानुसंधान आहे. कान बंद करून आत ऐकायचं, आधी समुद्र, ढग, भेरी यांच्यासारखे मोठे आवाज, मग मर्दल, शंख, घंटा, मग किणकिण, बासरी, वीणा, भुंगा. कशासाठी, तर मनाचा लय व्हावा म्हणून. आणि आयुर्वेदात चरक मंत्राला उपचारांत जागा देतोच, पण कुठल्या खात्यात? दैवव्यपाश्रय, म्हणजे मणी, मंगल, बली, होम यांच्या रांगेत. आहार आणि औषधाचं खातं वेगळं, युक्तिव्यपाश्रय. एक केलं की दुसरं सोडा असं तो म्हणत नाही. आत्या, हे खास तुझ्यासाठी.

५२८ वाल्या डीएनएवर जास्त वेळ घालवत नाही. ३९६, ४१७, ५२८ वगैरे सहा आकडे बायबलच्या 'गणना' या पुस्तकातल्या ओव्यांच्या क्रमांकांची बेरीज करत काढलेले आहेत आणि लेनर्ड हॉरोविट्झ नावाच्या अमेरिकन माजी डेंटिस्टने १९९९ च्या पुस्तकातून ते जगभर नेले. आपल्या ऋषींच्या नावावर बायबलची बेरीज खपवली जातेय आणि आपण जय हो म्हणून पुढे ढकलतोय. ५२८ हर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी ६५ सेंटिमीटर, डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, म्हणजे रोड रोलरने सुईत दोरा ओवायचा. डीएनए रिपेअर होतो हे खरं आहे, एन्झाइम्स करतात, रोज, तुम्ही झोपलात तरी. ते कसं हे शोधणाऱ्या तिघांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

घंटेच्या सात सेकंदांबद्दल एवढंच: नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराची घंटा बघितलीय? वाईजवळ मेणवलीला गेलात तर नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटावर टांगलेली घंटा बघा, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. कोणाला अडचण झाली नाही, देवालाही नाही. आता चर्चसाठी ओतलेल्या त्या घंटांना आपली सात चक्रं कोणी शिकवली? घंटेचा नाद किती टिकतो हे तिचा आकार, जाडी, धातू आणि तुम्ही किती जोरात बडवली यावर असतं, मोबाईलवर वेळ लावून मोजा, दोन देवळांत सारखा येणार नाही.

हो, आणि फॉरवर्डमध्ये वाळूचा व्हिडिओही होता, ॐ म्हटलं की श्रीयंत्र उमटतं. वाळूच्या आकृत्या क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्येच छापल्या, कुठली उमटेल ते पत्र्याच्या आकारावर आणि सुराच्या उंचीवर ठरतं, शब्दावर नाही. यात अभिमानच हवा असेल तर सी. व्ही. रामन आहेत. त्यांनी १९२० पासून तबला-मृदंगावर काम केलं, पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, वाळू टाकून आकृत्या बघितल्या आणि दाखवलं की शाईमुळे, म्हणजे त्यावरच्या काळ्या गोल लेपामुळे, आपल्या चामड्यातून सुरेल स्वरमाला निघते, बाकीच्या ढोलांतून निघतो तसा नुसता धप्प नाही. शाई लावणारे कारागीर हे हातानेच ओळखतात. याचं फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेलं नाही.

आता राहिला खरा प्रश्न, की मग ॐ म्हटल्यावर बरं का वाटतं? कारण बरं वाटतंच, ते खोटं नाही. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या एका टीमचा अभ्यास आला, २३ निरोगी माणसं, त्यांना एकदा ॐ मणि पद्मे हुं म्हणायला लावलं आणि एकदा लॅटिनमधली आवे मारिया ही ख्रिस्ती प्रार्थना. दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली, बीपी सांभाळणारी जी शरीराची यंत्रणा असते तिचा प्रतिसाद सुधारला. म्हणजे काम करतोय तो लांबलेला उच्छ्वास. २००२ मध्ये स्वीडनच्या कारोलिन्स्कामध्ये दिसलं की गुणगुणत श्वास सोडला तर नाकातून नायट्रिक ऑक्साइड पंधरापट बाहेर येतं, सायनसमधली हवा खेळती होते, आपली भ्रामरी हेच करते. बंगळुरूच्या निम्हान्सने २०११ मध्ये १२ जणांना एफएमआरआय या मेंदूचं काम दाखवणाऱ्या मशीनमध्ये झोपवून ॐ म्हणायला लावलं आणि तुलनेला नुसतं 'स्स्स्', ॐ च्या वेळी भावनांशी जोडलेले मेंदूचे भाग शांत झाले, 'स्स्स्'ला नाही. बारा माणसं म्हणजे फार नव्हेत, त्यांनीही त्याला पायलटच म्हटलंय. पण प्रामाणिक काम आहे, आणि यातल्या कुठल्याही अभ्यासात गोळी बंद करा असं नाहीये. मंद श्वासाने बीपी थोडं उतरतं, आत्याचं १७० गोळीशिवाय १३० वर आणण्याइतकं नाही.

आणि आवाजाने खरोखर मोडतोड करून बरं करायचं असेल तर ते हॉस्पिटलमध्ये होतं, १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा शॉकवेव्हने किडनीतला खडा शरीराबाहेरून फोडला. पण त्याला नेम धरून एका ठिकाणी आणलेली प्रचंड ताकद लागते, प्लेलिस्टने होत नाही.

आत्याची गोळी परत चालू झाली, सकाळचा ओंकारही चालू आहे, तानपुऱ्याचं ॲप मी तिला काळी चारला लावून दिलंय कारण तिथे तिचा गळा मोकळा लागतो. बाउल मात्र परत घेणार नाही म्हणाले वर्कशॉपवाले. मग तिनेच एकदा उलटा करून बघितला आणि तिला आठवलं की आजी उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची, डोळ्यांची आग कमी होते म्हणून. आता रोज रात्री टीव्ही बघताना तेच चालू असतं. साडेसहा हजारांची वाटी आहे, पण घासायला पकड छान आहे म्हणते.