रेषेला जाडी नसते

कपाट आलं. दोन फूट खोल, सात फूट उंच. बेडरूमच्या कोपऱ्यात सरकवल्यावर पाठ भिंतीला छान चिकटली, पण डावी बाजू पुढे येता येता भिंतीशी फटकून वागायला लागली. पुढच्या टोकाला जवळजवळ इंचभर फट.

"मिस्त्री, हे काय?"

मिस्त्रींनी काटकोन तपासायचा गुण्या काढला. आधी कपाटाला लावला, मग भिंतीला. "कपाट गुण्यात आहे साहेब. भिंत नाहीये."

मी टेप घेतला. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट अशा खुणा केल्या. काटकोन असेल तर खुणांमधलं तिरकं अंतर नेमकं 5 फूट भरायला हवं. भरलं 5 फूट 1 इंच. म्हणजे कोपरा 92 अंशांचा! मंजूर नकाशात तो 90 चा आहे, वर गोल शिक्का आहे, आणि हप्ते मी त्या नकाशाचे फेडतोय. बरं, चौकोनाच्या कोनांची बेरीज 360 च भरते. तेव्हा हे जादा दोन अंश खोलीच्या उरलेल्या कोपऱ्यांतूनच मारलेले असणार. कुठून ते शोधलं नाही, तिकडे पलंग आहे.

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या सोसायटीत ड्रिल मशीनचा आवाज हेच आमंत्रण. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फटीला डोळा लावला आणि निकाल दिला, "फट नाहीये."

"काका, माझं बोट जातंय आत."

"बोटाचं सोड. भिंत हे एक प्रतल. कपाटाची बाजू हे दुसरं प्रतल. दोन प्रतलं एकमेकांना छेदली की काय मिळतं?"

"फट?"

"रेषा! आणि रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी. युक्लिड. तेवीसशे वर्षांत कुणी बदललेलं नाही."

"पण पुढे इंचभर..."

"छेदतायत मागे, आणि तू बघतोयस पुढे. मग फट दिसणारच!"

मिस्त्री अत्यंत आदराने मान हलवत होते. इतका वेळ त्यांच्या कामाची एवढी शास्त्रशुद्ध बाजू कुणी घेतली नव्हती. मी म्हटलं, निदान हे डुगडुगतंय ते तरी बघा. कपाटाचा पुढचा उजवा पाय अधांतरी होता. काका खाली बसले, गुडघे कटकन वाजले. "तीन बिंदू एका रेषेत नसले की त्यांतून एकच प्रतल जातं. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असं नाही. तू चार पायांचं घेतलंस कशाला?"

तीन पायांचं कपाट कोण विकतं, हे विचारायचं राहिलं. तसं काकांचं चूक नव्हतं. आजीची चूल तीन दगडांची होती, अंगण कितीही उंचसखल असो, भांडं कधी डुललं नाही. फोटोग्राफरच्या स्टँडलाही तीनच पाय असतात. तिवया होत्या घराघरांत, त्या आपण भंगारात घातल्या. आता फ्लॅटला व्हिट्रिफाइड फरशी, 'मिरर फिनिश', आणि पायाखाली लग्नपत्रिकेची घडी! ती काकांनीच सुचवली, माझ्याच टेबलावरची उचलून. लग्न अजून व्हायचं होतं.

शाळेत 'बाबाबा' कसोटी घोकताना वाटायचं, याचा उपयोग काय? त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोन हलत नाहीत. चौकोनाच्या बाजू तशाच ठेवून त्याला हवा तसा तिरका करता येतो. आमच्या बिल्डरने बहुधा एवढंच लक्षात ठेवलं. त्याला फोन केला तर ऑफिसातला मुलगा म्हणाला, "सर, पझेशनच्या वेळी स्नॅग लिस्टमध्ये, म्हणजे दोषांच्या यादीत, लिहायचं होतं." पझेशन घ्यायला कुणी गुण्या घेऊन जातं का? लोक नारळ घेऊन जातात. मीही नारळच नेला. आणि चौरस फुटाला जे पैसे मोजले, त्यांत एक रुपयाही तिरका नव्हता.

शेवटी मिस्त्रींनी फटीवर मारायला लाकडी पट्टी काढली.

"याचे वेगळे पैसे?"

"सात रनिंग फूट, साहेब."

मी काकांकडे पाहिलं. फट नाहीच म्हणताय ना, मग आता बोला.

काका चष्मा पुसत म्हणाले, "जाडी नसते म्हटलं मी. लांबी असते की रेषेला."