नंबरप्लेट दिसते, पण मान वळते का?

बाबा ७६ वर्षांचे. लायसन्सची मुदत संपत आली म्हणून डॉक्टरी दाखल्याला आम्ही दोघं गेलो. चाळिशीनंतर नूतनीकरणाला तो लागतोच, फॉर्म १-ए. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "गाडी चालवताय ना अजून? मग झालं." सही, शिक्का, पैसे. बाबा खूश.

घरी येऊन मी फॉर्म वाचला. भर उजेडात २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रंगांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, रातांधळेपणा आहे का. बाबांना गॅलरीतून खालच्या गाड्यांचे नंबर वाचायला लावले. धडाधड वाचले, वर "एमएच १३, सोलापूरचे पाहुणे दिसतायत" हा शेराही. पास!

रविवारी सिंहगड रोडला जाताना मी मुद्दाम शेजारी बसले आणि गप्प राहिले. सिग्नल, स्पीडब्रेकर, मध्येच थांबणारी बस, समोरचं सगळं चोख. डावीकडे वळताना मात्र मान हललीच नाही. स्पॉन्डिलायटिस. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, वळले. डावीकडून आलेल्या स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक मारला. "कुठून येतात ही पोरं!" अहो बाबा, जिकडे तुमची मान जात नाही तिकडूनच!

मानेबद्दल, औषधांनी येणाऱ्या गुंगीबद्दल डॉक्टरांनी काही विचारलंच नाही. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही, नंबरप्लेट मात्र वाचता येते. आपल्याकडे पंचावन्नपुढे लायसन्स ५ वर्षांचं मिळतं. म्हणजे बाबा आता थेट एक्याऐंशीपर्यंत निर्धास्त. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते. ब्रिटनच्या प्रिन्स फिलिप यांनी ९७व्या वर्षी, जानेवारी २०१९ मधल्या अपघातानंतर लायसन्स परत केलं. राजवाड्यातही अपघात झाल्यावरच सुचलं म्हणायचं!

विशीतली पोरं उलट्या बाजूनं येतात त्याचं काय, हे कुणीतरी विचारणारच. त्यांनाही धरा की. वयावरून किल्ली काढून घ्या असं मी म्हणतच नाहीये. जवळचं भाडं म्हणून रिक्षावाले नाही म्हणतात, बसची पायरी गुडघ्याएवढी. किल्ली गेली की बाबांचे मित्र, नाट्यगृह सगळंच गेलं. पण सहीआधी कुणीतरी अर्धा तास शेजारी बसून बघा ना!

आमचं ठरलंय : रात्री गाडी नाही, आणि आधी फिजिओथेरपी. बाबांची एकच अट होती, माझीही परीक्षा. काल मी रिव्हर्स घेताना ते शेजारी बसले आणि म्हणाले, "तुझी तरी कुठे वळली? कॅमेऱ्यातच बघत होतीस."