पळणारी हवी की मावणारी?

घरात हार्ड डिस्क बदलण्याचा विषय काढू नये. त्यापेक्षा वाटणीचा काढावा. तो निदान वकिलाकडे जाऊन मिटतो.

आमच्या लॅपटॉपमधली 500 जीबीची डिस्क मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला तिचं कौतुकच वाटलं होतं. पण आमच्या कन्येने, ऋचाने, माझा गैरसमज दूर केला. ‘‘बाबा, एवढं फिरूनसुद्धा हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली, म्हणजे त्या बारीक टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. साडेपाच मिलिसेकंद! शिवाय हेड तिथवर सरकायला वेळ लागतो तो वेगळाच.’’

साडेपाच मिलिसेकंदांचं दुःख मानणारी ही पिढी! पण तिचं खरं होतं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली त्या गोल तबकडीच्या चार कोपऱ्यांतून गोळा कराव्या लागतात. मीठ, हळद, मोहरी या प्रत्येकासाठी वाण्याकडे वेगळी खेप घालावी, तशी आमची डिस्क रोज सकाळी खेपा घालत बसते. तेवढ्या वेळात माझा चहा होतो, पेपर होतो, सोसायटीच्या पाण्यावरून एक भांडणही होतं.

तर एका पक्षाचं, म्हणजे माझं आणि ऋचाचं, म्हणणं होतं की एसएसडी, म्हणजे नुसत्या चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, घ्यावी. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे थांबणंही नाही. जुनी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, ही पाचशेच्या वर जाते. दुसऱ्या पक्षात एकटी बायको होती, पण बहुमत तिचंच. दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं की 240 जीबीच्या एसएसडीच्या पैशांत एक टीबीची फिरती डिस्क येईल. ‘‘अहो, चौपट जागा मिळतेय आणि तुम्ही चतकोर घेताय?’’

मी म्हटलं, आधी घरातलं पुसू. बघायला बसलो. एकाच मोदकाचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो. सासूबाईंनी पाठवलेली सुप्रभातची गुलाबं, वर्षावार. ‘‘मोठ्या माणसांनी पाठवलेलं पुसतात का?’’ मग हिने माझा फोल्डर उघडला. त्यात मी उतरवून ठेवलेले आणि एकही न वाचलेले दिवाळी अंक निघाले. पुसापुशी तिथेच थांबली.

मी इतिहासाचा आधार घेतला. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली. दोन-दोन फुटांच्या 50 तबकड्या, वजन सुमारे टनभर आणि आत मावायची फक्त 50 लाख अक्षरं. आमच्या मोदकाचा एक फोटोसुद्धा त्यात जेमतेमच बसला असता. ‘‘त्या लोकांचं भागलंच ना?’’ मी विचारलं.

‘‘त्यांच्याकडे ऋचाचं बारसं नव्हतं,’’ ही म्हणाली.

मधला मार्ग म्हणून 7,200 फेऱ्यांची डिस्कही पाहिली. साडेपाचाच्या जागी सव्वाचार मिलिसेकंद! वाण्याकडच्या खेपा तेवढ्याच, फक्त चप्पल नवीन.

शेवटी तिघंही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर त्या नावाने पत्ता विचारून बघा. दुकानदाराने एक टीबीची डिस्क दाखवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की विंडोजमध्ये ही 931 जीबी दिसेल. कंपनी हजारात मोजते, विंडोज 1,024 मध्ये.

‘‘म्हणजे विकताना एक माप आणि वापरताना दुसरं?’’ फिरत्या डिस्कवरचा हिचा विश्वास तिथे पहिल्यांदा डळमळला.

ते बघून दुकानदाराने लॅपटॉप उलटा केला. ‘‘साहेब, हा डीव्हीडी ड्राइव्ह शेवटचा कधी वापरलात?’’ कोणालाच आठवेना. ‘‘मग हा काढू. याच्या जागी कॅडी बसते, तिच्यात तुमची जुनी डिस्क जाईल. मुख्य जागेवर एसएसडी. विंडोज हिच्यावर, फोटो तिच्यावर.’’ कॅडीची जाडी साडेनऊ मिलिमीटरची लागते की 12.7 ची, एवढंच त्याने मोजून पाहिलं आणि कामाला लागला. इतके दिवस आम्ही ज्यावरून भांडत होतो, ते त्याने स्क्रू ड्रायव्हरने मिटवलं. मला तर किंचित वाईटच वाटलं.

लॅपटॉप आता चहाला उकळी फुटायच्या आत सुरू होतो. मोदकही सगळे जागेवर आहेत.

मागच्या रविवारी मावशी आली. आई म्हणाली, ‘‘अरे, तुमच्या लग्नाची सीडी लाव की, हिने कुठे बघितलीय!’’ मी सीडी हातात घेऊन लॅपटॉपच्या उजव्या कडेला बोटाने चाचपत राहिलो. मग दुकानदाराला फोन लावला.

‘‘सोपं आहे साहेब. तो काढलेला ड्राइव्ह दिलाय ना तुमच्याकडे? त्याला बाहेरची डबी मिळते, यूएसबीची.’’

‘‘फास्ट असेल तरच घ्या,’’ ऋचा आतून ओरडली.

‘‘आणि आणताय तर मोठीच आणा,’’ ही म्हणाली.