हवा, दार आणि लॅमिनार फ्लो: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण म्हणता, शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच त्वचेवरच्या जंतूंमुळे होतो, जागतिक आरोग्य संघटनेनेही लॅमिनार फ्लो (गाळलेली हवा एकाच दिशेने, संथ झोतात टेबलावर सोडणारी यंत्रणा) नको म्हटलंय, मग ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, हवेवर एवढं लिहायचं कशाला? तो पैसा हात धुण्यावर आणि वेळेवर अँटिबायोटिक देण्यावर खर्च व्हावा.

पहिल्या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. २०१६ ची ती शिफारस माझ्या लेखात यायला हवी होती, राहून गेली. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेत संसर्ग टाळण्यासाठी लॅमिनार फ्लो वापरू नये, असं संघटनेने त्या वर्षी सुचवलं. पण तुलना कशाशी होती ते पाहा. नेहमीच्या वायुवीजनाशी! हवा गाळूच नका, असं त्यात कुठेही नाही.

सांधेबदलात हवेचा विचार आला तो ब्रिटिश अस्थिशल्यविशारद जॉन चार्नलींमुळे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये त्यांनी गाळलेल्या हवेची बंदिस्त जागा करून शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे १९८२ मध्ये ८ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खोलवरच्या संसर्गाचं प्रमाण साध्या ओटीत सुमारे १.५ टक्के, तर अतिस्वच्छ हवेत ०.६ टक्के निघालं. अर्थात त्यात अँटिबायोटिक सगळ्यांना मिळालेलं नव्हतं आणि त्याचाही परिणाम मोठा होता. म्हणून आजही तेवढाच फरक पडेल, असं मी म्हणणार नाही.

पण हवेत जंतू येतात कुठून? आपल्याच अंगावरून. माणूस नुसता चालला तरी मिनिटाला हजारो त्वचेचे कण गळतात आणि त्यातल्या काहींवर जंतू बसलेले असतात. ते जखमेत पडतात, आणि तास-दोन तास उघड्या मांडलेल्या उपकरणांच्या ट्रॉलीवरही पडतात. इम्प्लांटवर, म्हणजे शरीरात बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर, तर संसर्गाला थोडेसे जंतूही पुरतात. तेव्हा त्वचा वेगळी आणि हवा वेगळी, असं मला करता येत नाही.

एका ओटीत मी दाराच्या फटीशी टिश्यूची पातळ पट्टी धरली होती. ओटीत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त हवा, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही; तसा असेल तर पट्टी बाहेर फडफडायला हवी. ती आत वळली. कॉरिडॉरची हवा थेट आत येत होती! पुरवठ्याच्या बाजूचा फिल्टर धुळीने तुंबलेला, आणि हवा बाहेर खेचणारा पंखा मात्र जोरात चालू. कागदोपत्री तिथे तासाला २० वेळा हवा बदलत होती. वर, शस्त्रक्रिया चालू असताना अर्ध्या तासात दार सतरा वेळा उघडलं. कधी टाके घालायचा धागा आणायला, कधी इम्प्लांटचा दुसरा साइझ, एकदा तर फक्त निरोप द्यायला. दार उघडं राहिलं की तो दाब टिकत नाही, मग हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर कितीही चांगला असो.

धागा आणि सगळे साइझ आधीच आत आणून ठेवायला, निरोप इंटरकॉमवर द्यायला कुठला आलाय खर्च? फिल्टर बदलायला पैसे लागतात, पण लॅमिनार फ्लोच्या मानाने ते फारच कमी. हात धुण्याचा एक रुपयाही मी हवेकडे वळवायला सांगत नाही.

आपण स्वतः ओटीत काम करता, असं लिहिलंय. उद्या पहिली केस सुरू व्हायच्या आधी, दार बंद असताना, खालच्या फटीशी एक पट्टी धरून बघा. ती कुठल्या बाजूला वळते, ते इथेच कळवा.